काकूंचं शेत फ्लेक्सवर

नेऱ्यात मी काकूंच्या घरावरची खोली भाड्यानं घेतली. काकू म्हणजे माझ्या घरमालकीणबाई. आमच्या घरात बारावीच्या पुढं गेलेली मी पहिलीच, त्यामुळं हिंजवडीतली नोकरी आणि खिडकीखाली काकूंची भाताची खाचरं, दोन्हींचं मला भारी अप्रूप होतं. लावणी चालू असताना एकदा काकू कमरेवर हात ठेवून हसल्या. तो फोटो मी काढला आणि लगेच इंटरनेटवर टाकला.

पुढच्याच महिन्यात मारुंजीच्या रस्त्यावर तोच फोटो दिसला. बसएवढ्या फ्लेक्सवर! काकूंच्या डोक्यावर मोठ्ठी अक्षरं : 'एनए प्लॉट. बुकिंग सुरू.' मी भर रस्त्यात एकटीच हसत सुटले. घरी पोचले, तर ओसरीवर काकूंचे धाकटे दीर.

"वैनी, सातबाऱ्यावर आमचंबी नाव हाय. न इचारता जमीन इकायला काढलीत व्हय?"

"म्या न्हाई काढली."

"मग फ्लेक्सवर हासतंय कोन? माझी सासू?"

बांधावरून या दोन घरांत पूर्वी अबोला होता, तो मिटायला वर्षं लागली होती. माझ्या एका फोटोनं तो पुन्हा सुरू होणार होता.

"काकू, फोटो मी टाकलाय नेटवर. तुम्हाला विचारलंसुद्धा नाही."

मी फ्लेक्सवरच्या नंबरला फोन लावला, स्पीकर चालू ठेवून. कॉपीराइट मी कॉलेजात मार्कांपुरता शिकले होते. आतून गुदगुल्या होत होत्या. शिकलेलं चक्क कामाला येत होतं!

"ताई, नेटवरचा फोटू म्हंजी समद्यांचाच की," एजंट म्हणाला.

"नाही. ज्यानं काढला त्याचा हक्क. त्याला नोंदणीही लागत नाही. आणि जाहिरातीत बाईंचा चेहरा वापरायचा तर त्यांची परवानगी हवी."

पलीकडून एकदम उदार आवाज आला, "एवढंच ना? मग तुमचाबी फोटू टाकतो की कोपऱ्यात. शुभेच्छुक म्हनून!"

काकूंना हसू फुटलं. पदर तोंडाशी धरून म्हणाल्या, "भावजींचा टाक म्हनावं, गॉगल घालून!"

दीर मात्र हसले नाहीत. फोनपाशी वाकून म्हणाले, "ए, आधी सांग. जमीन कुनाची इकतुयास?"

"आमची तिकडं डोंगराकडं हाय, दादा. लई खडकाळ. मला नुसता हिरवागार फोटू पायजे व्हता."

ओसरीवर असा हशा उठला की शेजारची म्हैस उठून उभी राहिली. दीर खाली बसले. "च्या टाका, वैनी," म्हणाले. मी एजंटला फ्लेक्स काढायला सांगितला आणि संध्याकाळपर्यंत त्यानं तो उतरवला.

संध्याकाळचा चहा पिताना काकूंनी माझ्याकडं रोखून बघितलं. "त्यानं काडला. आता तूबी काड."

मी तिथंच फोटो नेटवरून काढून टाकला. इतके लाइक मला आयुष्यात कधी मिळाले नव्हते. मग काकू पदर सारखा करून ताठ बसल्या.

"आता इचार."

"काकू, तुमचा फोटो काढू?"

"न्हाई!" म्हणाल्या आणि स्वतःच खुदकन हसल्या. "परत इचार."

मी पाच वेळा विचारलं. पाचही वेळा त्यांनी नाही म्हटलं, दरवेळी आधीपेक्षा मोठ्यानं.