पंजाचा साचा

माझ्या धाकट्या भावाला अख्खा कारखाना थेंब्या म्हणायचा. कप-बशांच्या त्या कारखान्यात तो साच्यात ओतायचा मातीचा घोळ सांभाळायचा आणि मी त्याच छपराखाली ओल्या स्पंजानं कपांवर उमटलेल्या साच्याच्या शिवणी पुसायचे. कुणी त्याच्या पिंपाला हात लावला की हा अंगावर धावून जायचा. आमच्याच घरचं ध्यान, दुसऱ्याला काय बोलणार!

पण काम खरंच नाजूक होतं. मातीचे बारीक कण पाण्यात एकमेकांना धरून बसतात. घोळ गच्च होतो, साच्यात उतरत नाही. त्यात सिलिकेटचे मोजके थेंब टाकले की सगळ्या कणांवर एकाच जातीचा विजेचा भार येतो, कण एकमेकांना दूर लोटतात आणि तोच घोळ दुधासारखा वाहायला लागतो. थेंब जास्त झाले की पुन्हा गच्च, वर साच्याचं प्लॅस्टरही खराब, माती त्याला चिकटून बसते. शिवाय घोळ नुसता ठेवला तरी आळतो. तेव्हा थेंब नको असतात, फक्त ढवळायचं असतं. "आधी ढवळा, मग बोला," हे थेंब्याकडून ऐकून ऐकून आमचे कान किटले होते.

त्याची लेक म्हणजे त्याचा जीव की प्राण. एका सुट्टीच्या दिवशी तिला कारखान्यात आणून त्यानं तिचा पंजा ओल्या प्लॅस्टरवर दाबून घेतला. बोटं, तळहाताच्या रेघा, सगळं उमटलं. "गार गार लागतंय बाबा," म्हणून पोरगी खिदळत होती. पुढच्याच थंडीत ताप तिच्या मेंदूत गेला आणि ती गेली. काय सांगू? आमच्या घराचा आवाजच गेला.

साचा थेंब्यानं फडक्यात गुंडाळून कपाटावर ठेवला. त्यात घोळ मात्र कधी ओतला नाही. दर ओतणीला साचा थोडा झिजतो, ही त्याची धास्ती. शेवटी भावजयच म्हणाली, "अहो, मला तिचा हात एकदा हातात घ्यायचाय. एवढं करा माझ्यासाठी."

त्या दुपारी कारखान्यात आम्ही तिघंच होतो. भावजय साच्याशेजारी मुठी आवळून उभी. थेंब्यानं पिंपात पळी घातली. सकाळपासून तसाच पडलेला घोळ, जड लागणारच की! मी म्हटलं, "अरे, ढवळ आधी!"

"ताई, तू गप्प बस. रेघांत उतरला पाहिजे."

आणि ह्या शहाण्यानं थेंब टाकले. घोळ अजून जड झाला, तसे अजून टाकले. बायको बघत होती ना, थेंब मोजायचंही भान राहिलं नाही. जन्मभर दुसऱ्यांना शिकवलं आणि स्वतःच्या लेकीच्या वेळी मेल्याला ढवळायचं सुचू नये! मला संताप आला आणि रडूही आलं. शेवटी घोटून घोटून त्यानं घोळ जरासा वाहता केला आणि ओतला.

माती थोडी सुकली की आकसते आणि साच्यातून आपोआप सुटते. ही सुटेना. दुसऱ्या दिवशी थेंब्यानं कडेनं पातळ सुरी फिरवली, तसा हात निघाला, पण प्लॅस्टरची साल ओढून घेऊनच. साच्यात नुसता खरबरीत खड्डा उरला. हाताला बोटं पाच होती, तळहात मात्र कोरा. थेंब्या म्हणाला, "ताई, होतं तेवढंही मी घालवलं गं."

भावजयीनं तो ओलसर हात ओंजळीत घेतला, प्लॅस्टरचे चिकटलेले तुकडे अलगद काढले आणि करंगळीच्या नखानं रेघा काढायला लागली. अंगठ्याच्या वरून पहिली रेघ सुरू केली, थोडी खाली आणली आणि थांबली.

"अहो, ही कुठपर्यंत जात होती?"

थेंब्या साच्यातल्या खरबरीत खड्ड्यात बोट फिरवून ती रेघ शोधायला लागला. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. त्या पोरीचे हात मी कितीदा धुतले होते, नखं कापली होती, पण मलाही सांगता आलं नाही.