मामांची शिंक

मामांना सर्दी गाठायची ती नेमकी मोठं काम हातात असताना. आरशांच्या चौकटींवर सोन्याचा वर्ख चढवायचा त्यांचा धंदा. साध्या श्वासानेही वर्ख उडतो, म्हणून काम करताना पंखा बंद, दार बंद, बोलणंही बंद. आणि आज मामांचं नाक नळासारखं वाहत होतं.

"अहो, उद्या करा की," मामी म्हणाल्या.

"उद्या म्हणे! गिऱ्हाईक संध्याकाळी येणार, त्याला काय नाक दाखवू?"

मामांनी नाकाला कपडे वाळत घालायचा चिमटा लावला, तोंडाला रुमाल बांधला. मामी समोर बसून वर्ख कापू लागल्या, मामा तो ब्रशने उचलून चिकटवू लागले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, कानाला दडे बसले होते, पण आलेली प्रत्येक शिंक त्यांनी गिळली.

शेवटी एक कोपरा उरला आणि तेवढाच वर्ख. मामा तो उचलायला वाकले, तोच मामींनी हात वर केला.

मामांनी पाहिलं. रात्रभर त्यांची छाती शेकत बसलेल्या मामींचे डोळे अर्धे मिटले होते, नाकपुड्या फुगल्या होत्या आणि तोंड हळूहळू उघडत होतं.