एका गाडीला दोन ड्रायव्हर

माधवअण्णांची आणि माझी पहिली भेट वारंगा फाट्यावरच्या त्यांच्या ट्रान्सपोर्ट कचेरीत झाली. जवळा बाजारहून बी.कॉम.ची गुणपत्रिका घेऊन मी नोकरी मागायला गेलो होतो. अण्णांनी ती पाहिलीही नाही. "जेवला का?" एवढेच विचारले, ड्रायव्हर मंडळींच्या पंगतीत मला बसवले आणि स्वतः वाढू लागले. तेव्हापासून मी त्यांच्या कचेरीचा कारभार पाहतो आहे. अमृतमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या गौरवग्रंथात त्यांच्यावर लिहिण्याचा मान मला मिळाला खरा, पण अण्णांनी अट घातली, "प्रल्हादचं लिहिणार असशील तरच लिही. न्हाई तर राहू दे."

अण्णांनी एका ट्रकवर धंदा सुरू केला, तोही स्वतः चालवून. पुढे एकवीस गाड्या झाल्या. दहा टायरी, बारा टायरी, शेवटी दोन लांब ट्रेलरही आले. आपल्याकडच्या कापसाच्या गठाणी या गाड्या बंगालच्या सीमेवर नेत आणि तिथून माल बांगलादेशात जाई. आमचा ताफा किती मोठा, हे आम्ही कचेरीतली माणसे छाती फुगवून सांगत असू.

एका दुपारी आमचे जुने ड्रायव्हर प्रल्हाद यांचा रायपूरच्या पुढून फोन आला. कचेरीत अण्णा आणि मी, दोघेच होतो; पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"अण्णा, डोळे मिटून राहिले. दोन घंटे पडतो अन् निघतो."

"सीमेवर रांगेतला आपला नंबर जाईन. चहा घे, तोंडावर पाणी मार अन् चाल."

"व्हय जी."

दिवस मावळायच्या आत ती गाडी रस्त्याकडेच्या झाडावर आदळली. प्रल्हाद वाचले, पण त्यांचा उजवा पाय गुडघ्याखालून काढावा लागला. अण्णा तातडीने रायपूरला गेले आणि प्रल्हादांना घेऊनच परतले. मीही त्यांना घरी सोडायला गेलो होतो. प्रल्हादांच्या पत्नीने दारातच विचारले, "झोपू काहून न्हाई देलं, अण्णा?" अण्णांनी मान खाली घातली. ती बाई मग माझ्याकडे पाहू लागली. मी चपला काढायच्या निमित्ताने खाली वाकलो.

त्यानंतर अण्णांनी ठरवले, लांबच्या वाटेवर एका गाडीला दोन ड्रायव्हर. ते परवडेना तेव्हा गाड्या विकल्या. एकवीसच्या तेरा झाल्या. फाट्यावरचे मालक हसत, "अण्णाचं डोकं फिरलं. गाड्या इकून ड्रायव्हर पाळून राहिला." आणि कोणत्या ड्रायव्हरने आज निघायचे, कोणी नाही, हा शेवटचा शब्द अण्णांनी प्रल्हादांच्या हाती दिला.

तो शब्द अण्णांना सोपा गेला असे मात्र नाही. सोयाबीनच्या हंगामात एक व्यापारी दारात उभा होता, गाडी भरलेली होती, आणि प्रल्हाद फाटकात कुबडी आडवी धरून उभे राहिले. "हा कालच केरळहून आला. आज जात न्हाई."

अण्णा ओरडले, "गाडी माझी हाय!"

"गाडी तुमची हाय, अण्णा. गडी न्हाई."

थोड्या वेळाने त्यांनीच व्यापाऱ्यापुढे हात जोडले, "उद्या सकाळी निघंन."

दिल्लीला आशियातल्या वाहतूकदारांचा मेळावा होता, त्याला आम्ही दोघे गेलो. तिथे पडद्यावर साऱ्या खंडातल्या मालट्रकांचा हिशेब मांडला होता. मोठ्या कंपन्यांचे अवाढव्य ताफे थोडे. बहुतेक गाड्या एक-दोन ट्रकवाल्यांच्याच, मालकच ड्रायव्हर. मग प्रत्येकजण उठून आपल्या गाड्यांची संख्या सांगू लागला. अण्णा मराठीत बोलणार आणि मी त्याचे इंग्रजी करणार, असे ठरले होते.

"माझ्याकडं एकवीस गाड्या होत्या. त्या वाढवायच्या नादात मी एका माणसाला झोपू दिलं न्हाई. त्याचा पाय गेला. आता तेरा हायेत."

दुभाष्यालाही 'मी' असेच म्हणावे लागते. 'मी त्याला झोपू दिले नाही,' हे माझ्या तोंडून ध्वनिक्षेपकावर गेले आणि माझे कान तापले. फोन आला तेव्हा शेजारच्या खुर्चीत मीच होतो, आणि त्या दुपारी मी तोंड उघडले नव्हते. सभागृहात टाळी वाजली नाही. चहाच्या वेळी एक वयस्क नेपाळी मालक आले, अण्णांचा हात धरून हिंदीत म्हणाले, "मेरे यहाँ भी हुआ था। मैंने आज तक किसी को नहीं बताया।"

प्रल्हादांनी अण्णांना माफ केले का, ते मला ठाऊक नाही. अण्णांनी कधी विचारले नाही. "माफी मांगून मी मोकळा व्हईन, त्याचा पाय थोडाच येणार हाय?" असे एकदा ते म्हणाले होते.

सत्कार समारंभाला फाट्यावरचे सगळे मालक येणार आहेत. अण्णांना हार घालतील, थोर म्हणतील. त्यांतल्या बहुतेकांच्या गाड्या आजही एकाच ड्रायव्हरच्या डोळ्यांवर धावतात. माझ्या सख्ख्या भावाची गाडीही तशीच धावते, आणि अजून मी त्याला टोकलेले नाही. या ग्रंथात गोडगोड लिहिताना म्हणूनच लाज वाटते.

अण्णांना उदंड आयुष्य लाभो, गुडघे-डोळे शाबूत राहोत. आणि त्यांच्या हयातीतच आम्हाला त्यांच्याइतकी लाज वाटो.