कमी खोल

माझा स्वभाव चुका काढण्याचा आहे. आई "रजईचे खोल" म्हणाली की मी चालत्या कामात थांबून तिला सांगते, "खोळ म्हण. ळ काय गंगेत सोडून आलीस?" काशीत दूधविनायकाच्या गल्लीत आमच्या पाच पिढ्या गेल्या. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, आणि आईच्या बोलण्यात दोन्हींची खिचडी. मी मात्र शुद्ध बोलते, शुद्ध लिहिते, आणि त्याचा मला भारी तोरा होता.

वडिलांनी जन्मभर पंचगंगा घाटावर पूजा सांगितली. मी यंत्रांचे आराखडे काढते. रामनगरच्याही पुढे सरकारी परवान्याचा एक लहान कारखाना आहे, तिथे बंदुका तयार होतात. नात्यातल्या बायका मला अजून "तू पंपांचं काहीतरी करतेस ना" असं विचारतात आणि मी हो म्हणते.

त्या वर्षी आम्ही एका आखूड कार्बाईनवर काम करत होतो. चाप एकदा ओढला की एक गोळी सुटते आणि पुढची आपोआप भरली जाते, अशी. नव्या शिपायांच्या खांद्याला धक्का कमी बसावा म्हणून कारखान्याच्या साहेबांना तिच्यासाठी वेगळं काडतूस हवं होतं. बाजारात तसं मिळत नाही. मग प्रचारातल्या काडतुसाची पितळी पुंगळी घ्यायची, तिची मान आवळून अरुंद करायची आणि त्यात लहान गोळी बसवायची. कुठल्याच तक्त्यात नाव नसलेल्या अशा काडतुसाला या धंद्यात रानमांजर म्हणतात. आमचे खरादी चाचा, म्हणजे लेथवर साचे करणारे म्हातारे कारागीर, रोज सकाळी मला विचारत, "दीदी, बिल्ली आज दूध पी कि नाहीं?"

बिल्लीने सहा महिने आमचं डोकं खाल्लं. शेवटी एक बॅच नीट चालली. पक्क्या चौकटीत बंदूक आवळून, लांबून दोरीने चाप ओढून आम्ही पन्नास गोळ्या झाडल्या, एकही अडकली नाही. फक्त गोळी पुंगळीत किंचित जास्त आत बसत होती. चाचांकडे माझा एकच कागद होता, त्यावर दोन साचे काढलेले होते: एक पुंगळीला आकार देणारा, दुसरा गोळी बसवणारा. मी घाईत कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलं, "कमी खोल, दोन कागद." चाचा बारीक मापं कागदाच्या जाडीत मोजत, म्हणून मीही तसंच लिहिलं. बाकी टिपणं मी हिंदीत लिहीत असे. हे मराठीत का लिहिलं, मला आजही सांगता येत नाही.

नवी बॅच आली. मी काडतुसांची एकूण लांबी मोजली, ती बरोबर निघाली. पुंगळीचा खांदा, म्हणजे मानेखालचा उतार, तपासायचं वेगळं मापक कपाटात होतं आणि कपाटाची किल्ली साहेबांकडे होती. दोन कागदांचा तर फरक, असं मनाशी म्हणून मी तपासणीच्या तक्त्यावर सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुणे आले. ज्यांच्या पसंतीवर सगळं अवलंबून होतं असे तीन अधिकारी कारखान्यामागच्या मैदानात छपराखाली खुर्च्यांवर बसले. धुकं उतरायला साडेदहा वाजले. चौकटीतली चाचणी परत करायची होती, पण साहेब म्हणाले, "वह तो हो चुकी है." नेम धरायला सुभेदारसाहेब होते. फौजेतून निवृत्त झालेले, आमच्याकडची प्रत्येक बंदूक पहिल्यांदा त्यांच्याच खांद्याला लागायची. ते वाळूच्या पोत्यांमागे पालथे झाले, कानांवर संरक्षक टोप्या चढवल्या आणि गाल बंदुकीच्या दस्त्याला टेकवला. साहेबांनी हिरवा झेंडा वर धरला. तो खाली आला की गोळी झाडायची, असा आमचा नेम.

तेवढ्यात माझा फोन थरथरला. आई होती. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तिचा फोन मी टाळत नाही. मी चार पावलं बाजूला झाले.

"अगं, धोब्याने रजईचे खोल दुसऱ्याचेच आणून दिलेत," ती म्हणाली. "आपल्या रजईला आखूड पडताहेत."

मी सवयीने तोंड उघडलं, खोळ म्हण असं सांगायला. आणि तोंड उघडंच राहिलं.

खोल. हिंदीत खोल म्हणजे वरचं कवच. काडतुसाच्या पुंगळीलाही खोलच म्हणतात. चाचांना देवनागरी वाचता येत होती, मराठी नाही. "कमी खोल, दोन कागद" वाचून त्यांनी काय केलं असेल, ते मला लख्ख दिसलं. ती टीप गोळी बसवायच्या साच्यासाठी आहे, हे त्यांना कळलंच नव्हतं. पुंगळीच खांद्याकडून दोन कागद आखूड केली होती, आणि आराखड्यातली एकूण लांबी जुळावी म्हणून गोळी बाहेर ठेवली होती.

बंदुकीतल्या ज्या घरात काडतूस बसतं, ते घर पुंगळीच्या मापाचं लागतं. पुंगळी आखूड असली तर बार उडताना ती ताणली जाते आणि बुडाजवळ फाटते. मग आतली आग मागे येते. मागे सुभेदारसाहेबांचा डोळा होता.

मला ओरडता आलं असतं. अंतर वीस पावलांचं होतं. पण मला आधी तीन खुर्च्या दिसल्या, मग साहेबांचा चेहरा, मग तक्त्यावरची माझी सही. कदाचित चाचांनी बरोबर वाचलं असेल, असंही वाटून गेलं. हे सगळं चार-पाच सेकंदांत. त्या सेकंदांत मला भीती वाटली ती सुभेदारसाहेबांच्या डोळ्याची नव्हती, स्वतःच्या अब्रूची होती. हे लिहितानाही लाज वाटते आहे.

झेंडा खाली आला. बार झाला.

पुंगळी उडून वाळूत पडली. सुभेदारसाहेब हलले नाहीत, त्यांनी अंगठा वर केला. छपराखाली कोणीतरी "बढ़िया" म्हणालं. आई कानात अजून धोब्याला बोलत होती. मी फोन तसाच खिशात घातला, धावत जाऊन पुंगळी उचलली. बोट भाजलं. बुडाच्या जरा वर तिच्याभोवती एक चकचकीत कडं उठलं होतं. नखाला ते लागत होतं. पितळ तिथे फाटायच्या बेताला आलं होतं.

साहेबांनी झेंडा परत वर नेला.

"रोकिए," मी म्हणाले. मी पुढे होऊन सुभेदारसाहेबांच्या खांद्यावर हात ठेवला. गोळी झाडणाऱ्याला कधी हात लावायचा नसतो. "सूबेदार साहब, हाथ हटाइए. मत चलाइए."

पाहुण्यांसमोर साहेबांच्या मानेच्या शिरा ताठ झालेल्या मला दिसल्या. बंदूक रिकामी केली, चौकटीत आवळली आणि दोरीने दुसरी गोळी झाडली. मग तिसरी. तिसऱ्या वेळी पुंगळीचं नुसतं बूड बाहेर आलं, उरलेली नळी आत अडकून राहिली. चौकटीच्या मागे आम्ही कोरा पुठ्ठा उभा केला होता. त्यावर गालाच्या उंचीला काळा डाग पडला आणि मधे एक भोक. अधिकारी उठून ते बघायला आले, मग घड्याळ बघत निघून गेले.

चाचांना बोलावलं. ते खिशातून घडी केलेला कागद घेऊन आले. "हम त जइसा लिखा रहा, वइसे किए," ते म्हणाले. साहेब त्यांच्यावर तोंड टाकणार, तोच मी म्हणाले की लिहिलं मी, सही माझी, चाचांची काही चूक नाही. एवढं मला जमलं.

सुभेदारसाहेब सगळ्यांना सांगत सुटले, बिटिया ने हमारी आँख बचा ली. कोणीतरी मला चहा आणून दिला. प्रत्येक जण माझ्याकडे कौतुकाने बघत होता आणि मला ते कौतुक सोसवेना. दुपारी सुभेदारसाहेब पोत्यांवर एकटे बसले होते, तिथे मी गेले.

"मुझे पहली गोली से पहले पता चल गया था," मी म्हणाले.

ते चष्मा पुसत राहिले. "हमको मालूम है."

"कैसे?"

"झंडा देखने को सिर घुमाए थे. आप फोन लिए खड़ी थीं. मुँह खोली थीं, आवाज नहीं आई." चष्मा डोळ्यांवर चढवून त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "हम सोचे, कुछ होता तो बिटिया बोलती."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. घरी आले तेव्हा आई आखूड खोळींची घडी घालत होती. मी तिची चूक काढली नाही. तिने दोनदा विचारलं, बरं नाही का तुला?

नवं काडतूस पुढे तयार झालं, चाललंही. टिपणं आता मी हिंदीत लिहिते आणि चाचांकडून मोठ्याने वाचून घेते. झेंडा साहेबच धरतात. पण सुभेदारसाहेब हल्ली झेंड्याकडे बघत नाहीत. पोत्यांमागे पालथे झाले की ते कानावरची एक टोपी उचलतात आणि मान वळवून माझ्या तोंडाकडे बघत थांबतात. मी "चलाइए" म्हणेपर्यंत त्यांचं बोट चापावर जात नाही, आणि तो एक शब्द उच्चारायला मला दर वेळी आधीपेक्षा जास्त वेळ लागतो.