हवेत काढलेला बार

“बार हवेतच काढला असंल की. हवेला काय लागतंय?”

दौंड ठाण्याच्या ओसरीवर जबाबासाठी बसवलेल्या वऱ्हाडातलं कोणीतरी हे हळूच बोललं आणि बाकीचे हसले. ते हसणं अजून माझ्या कानातून गेलेलं नाही.

साठच्या दशकातली गोष्ट. मी पोलिसात नवी होते आणि बायकांचे जबाब घ्यायला मला पुण्याहून पाठवत. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे इकडची बोली सरावाची नव्हती, त्यात स्वभाव बुजरा. हवालदार म्हणत, “बाई, तुमच्याकडनं शब्द काढायचा म्हंजी वॉरंटच लागंल.”

आदल्या संध्याकाळी शिरूरकडच्या एका बड्या बागायतदाराच्या मुलाची वरात बाजारपेठेतून गेली. माडीच्या खिडकीतून ती बघणारी सतरा वर्षांची मुलगी डोळा धरून कोसळली. वडील रेल्वेत फिटर. मिशनच्या दवाखान्यात नर्सिंगसाठी तिची निवड झाली होती, पुढच्याच महिन्यात जायचं होतं. वऱ्हाडी एकसुरात सांगत होते की फटाका उडाला. डॉक्टरांनी मात्र डोळ्यातून काढलेला छर्रा पुडीत बांधून ठाण्यात पाठवला. फटाक्यात शिसं नसतं. पंचनाम्यात खिडकीच्या चौकटीतही छर्रे सापडले. बागायतदाराची बंदूक जप्त केली, तर नळी पुसून तेल लावलेली. परवाना रानडुकरांपासून पीक राखायचा. बंदूक घरीच होती, असं प्रत्येक पुरुषाने शपथेवर सांगितलं असतं.

तिसऱ्या दिवशी मी नवरदेवाच्या घरी गेले. बायका परसात उरलेली बुंदी निवडत होत्या. काय विचारावं सुचेना. लग्नातल्या रीती मला खरंच माहीत नव्हत्या, म्हणून नवरदेवाच्या आत्याला विचारलं की वरातीत मान कोणाकोणाला असतो.

आत्या आधीच रागाने भरलेली होती. “पुसू नका बाई. पयला बार आमच्या मालकांचा, जावयाचा मान हाय त्यो. बंदूक हातात घेतल्याली, तर पोराच्या मामानं हिसकून घेतली. चारचौघांत पाणउतारा केला.”

भावजयीने तिला चिमटा काढला, पण तोवर मी लिहून घेतलं होतं.

नवरदेवाच्या मामांना ठाण्यात बोलावलं. फौजदारसाहेबांनी तासभर विचारलं, मामा फटाक्यावरून हलेनात. शेवटी मी चिठ्ठी सरकवली. साहेबांनी ती वाचून सहज म्हटलं की बाराचा मान तुमचा नव्हताच म्हणे.

मामा ताडकन उठले. “कोन म्हंतंय? बार मीच काढला. मामाचाच मान हाय त्यो.”

कोर्टातही त्यांनी ते नाकारलं नाही. मुलीचा डोळा गेला याची खंत नव्हती, मान गेला असता तर मात्र खपलं नसतं. शिक्षा झाली ती कोर्ट उठेपर्यंत कैद आणि दंड. कैद म्हणजे बाकावर बसून दोनदा चहा. बंदूक परवान्यासकट परत.

या प्रकरणाने मला शिकवलं ते एवढंच की इजा झाल्यावर जागा होणारा कायदा उशिरा जागा होतो. भरवस्तीत बार काढणं हाच गुन्हा धरला पाहिजे, कोणाला लागो वा न लागो. त्याला दंड नको, तुरुंग हवा, आणि परवाना कायमचा रद्द. दंड म्हणजे लग्नाच्या खर्चातली आणखी एक बाब. नोकरीभर मी हे अहवालांत लिहीत राहिले. तोंडाने मात्र पहिल्यांदा बोलले ते त्या निकालाच्या दिवशी.

कोर्ट उठलं. मामा फेटा सावरत बाहेर आले. नर्सिंगची जागा गेलेली ती मुलगी डोळ्यावर पट्टी बांधून माझ्याशेजारी उभी होती. तिच्याकडे न बघता ते मला म्हणाले, “राग धरू नका बाई. धाकट्या भाच्याच्या लग्नाला या जेवायला. बार तर हवेतच काढला व्हता.”

मी मुलीचा हात धरला. आवाज माझा मलाच अनोळखी वाटला.

“मामा, त्या हवेत ही राहते.”