वाघदेवाचं पान

संपादक म्हणून माझी एक खोड होती. मजकूर छापण्याआधी तो आमच्या इतिहास मंडळाच्या बैठकीत मोठ्यानं वाचायचा आणि मगच, ज्यानं सांगितला त्याच्या दारात जाऊन त्याला ऐकवायचा. भिवंडी तालुक्याच्या इतिहासाचे दोन खंड असेच निघाले. तिसऱ्याला हा क्रम उलटा करावा, एवढी अक्कल मला सुचली नाही.

पडघ्याजवळच्या एका पाड्यावरच्या वारली म्हाताऱ्यानं मला वाघदेवाचा दगड दाखवला होता. त्याच्या आज्यानं तो बांधावर रोवलेला, आणि तिथपर्यंतची जमीन पाड्याची. कागद एकही नाही, दगड हाच पुरावा. दोन हजार सालानंतर त्या पट्ट्यात गोदामं यायला लागली होती, म्हातारा त्याच धास्तीत होता.

बैठकीत ते पान मी अगदी रंगात येऊन वाचलं. आमच्यातले एक जमीनवाले सभासद चहा पिता पिता थांबले.

"दगड नक्की कुठे म्हणालात, सर?"

मी बांध सांगितला, आंब्यापासून किती पावलं तेही सांगितलं. फोन करून येतो म्हणून ते बाहेर गेले, ते परत आलेच नाहीत. शेजारचे गृहस्थ हळूच म्हणाले, "त्या जमिनीचा सातबारा त्यांच्याच नावावर आहे, तुम्हाला माहीत नव्हतं?"

दुसऱ्या दिवशी पहिली एसटी पकडली. काही झालं नसेल, एवढ्या घाईनं कोण काय करतंय, असं वाटभर स्वतःला समजावत होतो. पोचलो तेव्हा बांधच नव्हता. जेसीबीच्या खुणा ताज्या होत्या.

म्हातारा दारात बसला होता. मी पाय धरायला वाकलो, त्यानं पाय मागे घेतले.

"दगड कुनाला ठाव होता? मला न् तुला," तो म्हणाला.

मी सगळं कबूल केलं. लाज वाटत होती, रागही येत होता, आणि तो माझ्याच वाचनाच्या हौसेचा होता. पान छापतो, कोर्टात साक्षीलाही येतो, म्हणालो.

"छाप," तो म्हणाला. "आमचा आनखी येक दगड हाय. तो तुला न्हाय दाखवनार."

कुठे, हा प्रश्न माझ्या ओठांवर आला होता. मी तो गिळला.