सुलभाताईंच्या गाडीचा टप

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही. अणदूरला खंडोबापुढं उभा राहिलो तेव्हा त्यालाही नाही — देवाला काय सांगायचं, त्याचा हात थोडाच गेला होता? तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही आणि रफीकलाही नाही. मधेच माझा आवाज चढेल. तुमच्यावर नाही तो राग.

जळकोटला हायवेवर माझी वेल्डिंगची शेड आहे. ट्रॉल्या, शटर, ट्रकची फाळकी, असलं काम. शेजारच्या गाळ्यात रफीक गाड्यांची सीटं शिवायचा. आम्ही एका बाकावरचे. मास्तर मला मारायचे तेव्हा हा रडायचा, असला माणूस. पण हातात कात्री आली की दुसराच. माप न घेता रेक्झिन कापायचा आणि ते तंतोतंत बसायचं. उमरग्याहून लोक यायचे त्याच्याकडं. माझ्याकडं कोण यायचं? ज्याची ट्रॉली रस्त्यात मोडली तो.

हे का सांगतोय? जळायचो का मी त्याच्यावर? जळायचो थोडा. पण त्यानं काही सिद्ध होत नाही, राहू द्या.

तुळजापूरच्या सुलभाताई, निवृत्त शिक्षिका. त्यांनी गोव्यातून एक जुनी गाडी घेतली होती, आत झोपता येईल अशी. कुणा फिरंग्यानं कधीकाळी सोडून दिलेली. तिचा टप मागून उचलायचा, पुढं बिजागरी. टप वर गेला की उरलेल्या फटीत तीन बाजूंनी कॅनव्हासची भिंत, आणि आत माणूस उभा राहणार. पण टप उचलायची जुनी स्प्रिंग आणि दांड्यांची भानगड गंजून गेली होती. दोन गडी लागायचे, तेही शिव्या देत. ताई एकट्याच. त्यांना स्वतःच्या हातानं तो उचलायचा होता. मी म्हणालो, ताई, जुनं सगळं काढून टाकू. मोटारीच्या डिक्कीला असतात तसले गॅसचे शॉकर बसवू, जरा दणकट. एक डावीकडं, एक उजवीकडं. एका हातानं उचलाल.

असं काम आयुष्यात पहिल्यांदा आलं होतं माझ्याकडं. ट्रॉली नव्हती ती. लोक चहाचा कप हातात धरून बघायला यायचे.

आता कामाची रीत ऐका, त्याशिवाय माझा नालायकपणा कळायचा नाही. शॉकर ज्या पट्टीवर बसतो ती पट्टी आधी नुसती टाचायची. वेल्डिंगचे दोन ठिपके. मग टप उचलून कोन बघायचा. कोन जमला की पट्टी चारी बाजूंनी वेल्डिंगनं भरायची. आणि हे सगळं संपल्यावरच कॅनव्हासवाला गाडीला हात लावणार. कॅनव्हास लागल्यावर ठिणगी चालत नाही, जळून जातो. लोखंड आधी, कापड शेवटी. आमच्या दोघांत हे कधी बोलावं लागलं नव्हतं.

डावी पट्टी भरून झाली. उजवी टाचली आणि लाईट गेली. तेवढ्यात सुलभाताई आल्या. मी घाईघाईनं दोन्ही पट्ट्यांवर काळा रंग मारला होता — कशाला? काम पुरं दिसावं म्हणून. ताईंनी एका हातानं टप उचलला. सर्रकन वर गेला. त्यांचे डोळे भरून आले. लोकांनी मोबाईल काढले. कुणीतरी म्हणालं, दत्ता मिस्त्री, तुमचा हात धरणारा जिल्ह्यात न्हाय. पहिल्यांदा कुणी म्हणालं होतं असं. रफीकच्या देखत.

रफीक कॅनव्हास खांद्यावर घेऊन उभाच होता. त्यानं विचारलं, ‘‘वेल्डिंग झालं का रे सगळं? लावू मी?’’

काय जात होतं माझं? एक पट्टी राहिलीय, लाईट आली की भरतो, चहा घे तोवर. एवढंच म्हणायचं होतं. ताई हसल्या असत्या फार तर. पण कामाची वाहवा चाललेली, आणि मी सगळ्यांसमोर अर्धवट राहिलंय म्हणू? म्हणालो, ‘‘झालं.’’

विसरलो नव्हतो. हे नीट ऐका. विसरलो असतो तर आज इथं बसून बोललोच नसतो. मला पट्टी दिसत होती.

ताई तुळजापूरला परत गेल्या, संध्याकाळी गाडी न्यायला येणार होत्या. लोक पांगले. तेव्हा तरी सांगायचं की नाही? आम्ही दोघंच होतो. रफीक आत उभा राहून मागच्या काठाला कॅनव्हास बसवत होता, गुणगुणत होता. उजवी पट्टी सुटली. टप तिरका होऊन त्याच्या उजव्या हातावर आला.

तो ओरडला नाही. माझं नाव घेतलं फक्त. मी खांदा लावून टप उचलला, पंक्चरवाल्यानं त्याला बाहेर ओढलं आणि जीपमध्ये घालून सोलापूरला नेलं. मी गेलो नाही. शेड बंद करून येतो म्हणालो.

आणि लाईट आली.

मी लागलेला कॅनव्हास सोडवून बाजूला ठेवला, ती पट्टी घासली आणि भरली. चारी बाजूंनी. इतकी सुंदर वेल्डिंग मी कधी केली नसेल. तिकडं दोस्ताचा हात डॉक्टरांच्या हातात, आणि इकडं मी काचेआडून ठिणग्या बघत होतो. वरून काळा रंग मारला. मग दवाखान्यात गेलो आणि भाभीला म्हणालो, रफीक टपाला लटकला, वजनानं शॉकरचं टोक निसटलं.

माझी लाज वाटते असं म्हणू का? लाज फार गोड शब्द झाला. मला स्वतःच्या मुस्काटात मारावी वाटते, आणि मारत नाही, ह्याचाही संताप येतो.

शुद्धीवर आल्यावर त्यानं मला विचारलं, ‘‘दत्ता, मी लटकलो व्हतो का रे?’’ त्याला आठवत नव्हतं. मी खरं सांगेन असं धरूनच त्यानं विचारलं. मी म्हणालो, ‘‘व्हय. लटकलास.’’

बोटं वळत नाहीत आता त्याची. कात्री धरता येत नाही. मशीन विकलं. मी त्याला माझ्या शेडमध्ये खुर्ची दिली, गिऱ्हाइकांशी बोलायचं काम दिलं, आणि जळकोटभर माझी कीर्ती झाली — दत्ता दोस्तीला जागला. मी मान खाली घालतो. लोकांना वाटतं, विनय.

आणि तो? तो ही गोष्ट हसत हसत सांगतो सगळ्यांना. ‘माझीच अक्कल गहाण पडली व्हती, टपाला माकडावानी लटकलो.’ कधी कधी मला त्याचाच राग येतो. अरे, एकदा तरी संशय घे. एकदा तरी म्हण, दत्ता, पट्टी भरली होतीस ना? ह्या माणसानं माझं खोटं स्वतःची आठवण करून टाकलंय, आणि मी त्याच्यावरच चिडतो. बघा किती खालच्या दर्जाचा आहे मी.

परवा वाशीचे एक गृहस्थ आले. त्यांचीही तसलीच जुनी गाडी, टप उचलायला जड. सुलभाताईंची गाडी बघून आले होते. पण त्यांनी अपघाताचं ऐकलं होतं. घरात नातवंडं आहेत, म्हणाले, भीती वाटते.

रफीक खुर्चीवरून उठला. तो हात त्यांच्यासमोर धरला आणि म्हणाला, ‘‘साहेब, ही माझी चूक. ह्याच्या कामात खोट न्हाय. लेकरांना बिनघोर झोपवा त्याखाली. जबान माझी.’’

ते माझ्याकडं वळले. रफीकही बघत होता माझ्याकडं, खुशीत.

मी म्हणालो, ‘‘सोमवारी आणा गाडी.’’